भूस्थानिक विज्ञानात ऑनर्स करायचंय : चौथ्या वर्षाआधी काय पक्कं हवं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

तापीकाठ

राम राम मंडळी. पदवी चार वर्षांची झाल्यापासून आपल्याकडची भूगोल, भूशास्त्र, संगणकशास्त्र घेतलेली बरीच मुलंमुली चौथ्या वर्षी भूस्थानिक विज्ञानाकडे, म्हणजे उपग्रह प्रतिमा आणि संगणकी नकाशांवरून जमिनीचा अभ्यास करण्याकडे, वळताहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न 'कोणतं सॉफ्टवेअर शिकू?' हाच असतो. त्याआधी काय यायला हवं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे स्पष्ट सांगावं.

आधी चौकट. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० आणि चार वर्षांना १६० श्रेयांक आहेत. चौथ्या वर्षी दोन वाटा आहेत : नुसतं ऑनर्स, किंवा संशोधनासह ऑनर्स. संशोधनाच्या वाटेला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ श्रेयांकांचा प्रकल्प करावा लागतो. नुसत्या ऑनर्सला त्या १२ श्रेयांकांच्या जागी जादा विषय येतात. आपल्या महाविद्यालयात यातलं काय चालू आहे, हे पाचव्या सत्रातच विभागात विचारून ठेवा. सहावं सत्र संपल्यावर टक्केवारी सुधारायला वाव उरत नाही.

आता मुद्दा. या विषयात नकाशा काढता येणं ही खालची पायरी आहे. काढलेला नकाशा जमिनीवर किती खरा उतरतो, हे आकड्यात सांगता येणं म्हणजे पदवी. त्यासाठी सगळ्यात आधी निर्देशांक पद्धती (जागेचा पत्ता आकड्यांत सांगण्याची रीत) आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत) पक्कं करा.

आपला प्रदेश यासाठी सोयीचा आहे. अख्खा खान्देश यूटीएम या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात (७२ ते ७८ अंश पूर्व) बसतो. सॉफ्टवेअरमध्ये या पद्धतीचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. पट्ट्याचं मध्य रेखावृत्त ७५ अंश, ते अमळनेरच्या किंचित पश्चिमेकडून जातं. तिथे पूर्वांक (पूर्वेकडे मोजलेलं अंतर) ५,००,००० मीटर धरतात. म्हणजे धुळ्याचा बिंदू पाच लाखांच्या आत आणि जळगावचा पाच लाखांच्या वर यायलाच हवा. उलटं दिसलं तर पट्टा तरी चुकलाय, नाहीतर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय. मध्य रेखावृत्तावर प्रमाण-गुणक (नकाशातलं अंतर भागिले जमिनीवरचं अंतर) ०.९९९६ असतो, म्हणून जमिनीवरचा एक किलोमीटर तिथे नकाशात ४० सेंटिमीटरने कमी भरतो. पिकांच्या नकाशाला याने काही बिघडत नाही, कालव्याच्या आखणीला बिघडतं.

जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे वापरत असाल तर नंदुरबार ४६ के क्रमांकाच्या नकाशामध्ये, धुळे ४६ एल मध्ये, आणि जळगाव शहर ४६ ओ व ४६ पी यांच्या शिवेवर. हे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आहेत. डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ते माप) मध्ये योग्य रूपांतर न करता थेट ठेवले, तर आपल्या भागात सगळं शंभर मीटरहून थोडं जास्त सरकतं. नदी शेतातून वाहताना दिसली की आधी हेच तपासा. नवे ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, शक्यतो तेच घ्या.

बोरीकाठची

सर, मी अमळनेर भागातली, तृतीय वर्ष भूगोल, कला शाखा. गणित दहावीनंतर सुटलंय. प्रकल्पासाठी यावल-रावेरच्या केळीचा विचार आहे. गणिताशिवाय जमेल का? आणि क्षेत्र किती घ्यावं, एक तालुका की दोन्ही?

गटनंबर

ताई, गणिताचं तापीकाठ सर सांगतीलच. मी मोजणीच्या बाजूने बोलतो, कारण अहवालाचा शेवटचा आकडा हेक्टरमध्येच येणार.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेतला १० मीटरचा एक पिक्सेल (चौकोनी ठिपका) म्हणजे बरोबर १ आर. अमेरिकी लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९ आर, आणि आपल्या भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा २३.५ मीटरचा म्हणजे साधारण साडेपाच आर. हे डोक्यात बसलं की कोणती प्रतिमा कोणत्या शिवाराला पुरेल, ते आपोआप कळतं. ४० आरचा चौरस तुकडा घेतला तर बाजू सुमारे ६३ मीटर. त्यात १० मीटरचे सहा गुणिले सहा पिक्सेल, पण कडेच्यांत बांध, शेजारचं पीक, गाडरस्ता मिसळलेला. कडेची रांग सोडली की शुद्ध उरतात चार गुणिले चार, म्हणजे १६. लँडसॅटवर त्याच तुकड्यात शुद्ध पिक्सेल कसाबसा एखादा. लांबट पट्ट्यांची वाटणी झालेली असेल तर तोही नाही.

दुसरं, क्षेत्रफळ. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये मागे वेबवरचा नकाशा लावला की प्रकल्पाची निर्देशांक पद्धत बऱ्याचदा ईपीएसजी ३८५७ होऊन बसते. ती वेब मर्केटर, ऑनलाइन नकाशांची पद्धत. आपल्या २१ अंश अक्षांशावर तिच्यात क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के फुगतं. १०० हेक्टर केळी ११५ दिसते. अहवालात हा आकडा गेला तर बाकीची सगळी मेहनत वाया. थराचं (नकाशात भरलेल्या त्या माहितीच्या फाईलचं) ३२६४३ मध्ये रूपांतर करून नवी फाईल साठवा आणि मगच क्षेत्र काढा. नुसती पडद्यावरची पद्धत बदलून भागत नाही. पिक्सेल मोजून क्षेत्र काढणाऱ्याला तर रूपांतरित रास्टरच (पिक्सेलची प्रतिमाच) लागतो.

गावनकाशा किंवा गटाचा नकाशा वर बसवायचा असेल तर नियंत्रण बिंदू (नकाशा आणि प्रतिमा दोन्हींत ओळखता येणाऱ्या जागा) रस्त्यांवर घेऊ नका, रस्ते रुंद झालेत, सरकलेत. तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुनी बांधीव विहीर, रेल्वेची मोरी, नाल्यावरचा जुना पूल, हे घ्या. साध्या रेषीय रूपांतराला तीन बिंदू पुरतात, पण तीनच दिले तर चूक शून्य दिसते. दहा-बारा द्या, चारही कोपरे धरून. झेरॉक्समध्ये कागद आडवा-उभा वेगवेगळा आकसतो, तेवढं हे रूपांतर सांभाळून घेतं. 'थिन प्लेट स्प्लाइन' मात्र टाळा. ते प्रत्येक बिंदूवर नकाशा ताणून चूक शून्य दाखवतं आणि मधलं शिवार वाकडं होऊन बसतं. आणि असा बसवलेला नकाशा फक्त अभ्यासाला. बांधाच्या वादात तो कुणाच्या हाती देऊ नये. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणीच.

हिरवापट्टा

केळीचा विषय घेताय हे छान. पण एका तारखेच्या प्रतिमेवर एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक : अवरक्त वजा लाल, भागिले दोघांची बेरीज) काढून 'हिरवं ते केळी' म्हणणारे प्रकल्प ढीगभर आहेत, त्यात भर नको. केळीचं हंगामी गणित आधी कागदावर मांडा.

मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि पीलबाग मागच्याच खोडावरची. त्यामुळे कोणतीही एक तारीख धरा, काही केळी पूर्ण हिरवी, काही अर्धवट, काही नुसती उघडी माती असते. जानेवारीत नवी कांदेबाग जमिनीसारखीच दिसते, शेजारचा गहू, हरभरा मात्र भरात असतो. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात उलट. कपाशी, गहू, हरभरा निघून गेलेले, मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही उठून दिसतात. त्या वेळी गोंधळ घालतात ऊस, पपई, मोसंबी, उन्हाळी मका आणि चाऱ्याची पिकं. म्हणून निदान तीन तारखा हव्यातच : ऑक्टोबर अखेर, जानेवारी मध्य, एप्रिल अखेर. कपाशीची फरदड जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवलेली असते. तिचा वेगळा वर्ग केला नाही तर ती पिलबागेत घुसते.

सेंटिनेल-२ चे पट्टे (प्रकाशाचे वेगवेगळे भाग) : ३, ४ आणि ८ हे १० मीटरचे, सोबत ५, ६, ७ आणि ११, १२ हे २० मीटरचे. केळी आणि ऊस वेगळे करायला शेवटचे दोन, म्हणजे पानातल्या पाण्याला प्रतिसाद देणारे, फार उपयोगी पडतात.

आता एक खड्डा, ज्यात दरवर्षी कुणीतरी पडतंच. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० आवृत्ती आली आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले येऊ लागले. परावर्तन काढताना आधी १००० वजा, मग १०,००० ने भाग. हे विसरलं तर काय होतं बघा. समजा खरे आकडे लाल पट्ट्यात ५०० आणि अवरक्तात ३५००. एनडीव्हीआय ०.७५. तेच पीक नव्या आवृत्तीत १५०० आणि ४५०० म्हणून येतं, वजाबाकी केली नाही तर ०.५० मिळतो. मग विद्यार्थी लिहितो, '२०२१ ते २०२३ दरम्यान केळीची हिरवाई घटली.' शिवारात काहीही घटलेलं नसतं. जुन्या प्रतिमांवरही आता पुन्हा प्रक्रिया झालेली आहे, तेव्हा नुसती तारीख बघू नका. प्रत्येक प्रतिमेच्या माहिती-फाईलमध्ये आवृत्ती क्रमांक बघा.

जून ते सप्टेंबर ढग. त्या काळासाठी सेंटिनेल-१ चं रडार. त्यात चढत्या आणि उतरत्या कक्षेच्या (उपग्रह उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाताना घेतलेल्या) प्रतिमा एकत्र मिसळू नका. रडार तिरकं बघतं, कोन बदलला की तेच शेत वेगळा आकडा देतं. सातपुड्याच्या उतारावर तर फरक आणखी मोठा.

क्षेत्राबद्दल : एकच तालुका घ्या, आणि त्यातही सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत जाणारा पट्टा. माती, पाणी, पीक सगळं त्या उतारावर बदलत जातं. प्रबंधाला लिहिण्यासारखं तिथेच सापडेल.

क्लाऊडवाला

एवढं सगळं कशाला उतरवून घ्यायचं? गूगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर कोडच्या चाळीस ओळींत तालुक्याचं वर्गीकरण (कोणत्या पिक्सेलवर कोणतं पीक ते ठरवणं) होतं. आकडे एकसारखे करून दिलेला 'हार्मोनाइज्ड' संग्रह घेतला की तो १००० चा प्रश्नही सुटतो. गावाकडच्या इंटरनेटवर एक-एक जीबीच्या प्रतिमा उतरवत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

हिरवापट्टा

अर्थ इंजिन वापरायलाच हवं, यात दुमत नाही. साधा लॅपटॉप असलेल्याला तर तोच आधार. माझं म्हणणं क्रमाचं आहे. सेंटिनेलचा एक चौकोन साधारण ११० गुणिले ११० किलोमीटरचा असतो. तसा एकच उतरवा, हाताने वजाबाकी-भागाकार करा, ढगांचा मुखवटा लावा, तालुक्यापुरता कापा, एनडीव्हीआय काढा. मग तेच अर्थ इंजिनवर करा आणि वीस बिंदूंवर दोन्ही आकडे ताडून बघा. जुळले तर पुढचं सगळं खुशाल तिकडे.

तिथे दोन गोष्टी नजरेआड होतात. एक, अनेक तारखांच्या प्रतिमांचा 'मेडियन' (मधला आकडा) घेतला की प्रत्येक पिक्सेल वेगळ्या दिवसाचा येऊ शकतो, आणि नुकतीच पाणी दिलेली शेतं व कोरडी शेतं एकत्र होतात. दोन, प्रमाण (स्केल, म्हणजे किती मीटरच्या पिक्सेलवर मोजायचं ते) दिलं नाही तर आकडेमोड पडद्याच्या झूमप्रमाणे होते, आत-बाहेर केलं की उत्तर बदलतं. स्केल १० लिहून द्यावं लागतं. तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

नमुना_निवड

इथवर सगळे नकाशा बनवण्याबद्दल बोलले. तपासण्याबद्दल बोलू, कारण बरेचसे प्रबंध इथेच लंगडे पडतात. ताईंना गणित किती लागतं, याचंही उत्तर यात आहे.

सॉफ्टवेअरला पीक ओळखायला शिकवायचे नमुने आणि नकाशा तपासायचे नमुने एकाच शेतातले असले तर अचूकता ९५-९६ टक्के दिसते. ती खोटी. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे ओळखीचीच उत्तरपत्रिका तपासल्यासारखं होतं. निदान शेतं वेगळी हवीत. त्याहून चांगलं म्हणजे गावं वेगळी, काही गावं फक्त शिकवायला आणि काही फक्त तपासायला. आणि तपासणीचे बिंदू रस्त्याच्या कडेने सोयीचे निवडायचे नाहीत. नकाशा तयार झाल्यावर प्रत्येक वर्गात यादृच्छिक बिंदू टाकायचे आणि तिथेच जायचं.

किती बिंदू? प्रत्येक वर्गाची अचूकता ०.८ धरली तर विचलन ०.४ येतं (०.८ गुणिले ०.२ चं वर्गमूळ). एकूण अचूकतेची प्रमाण त्रुटी (अंदाज किती हलू शकतो त्याचं माप) ०.०२ हवी असेल तर ०.४ भागिले ०.०२, त्याचा वर्ग, म्हणजे ४०० बिंदू. ०.०२५ चालत असेल तर २५६. दोघा-तिघांच्या गटाला २५६ झेपतात. लहान वर्गांना प्रत्येकी निदान ५० ठेवा.

आता क्षेत्र. समजा नकाशात केळी २० टक्के, बाकी ८० टक्के. केळी दाखवलेल्या ६० बिंदूंपैकी ४८ वर खरोखर केळी निघाली, म्हणजे ०.८. 'बाकी' दाखवलेल्या २०० पैकी २० वर केळी निघाली, म्हणजे ०.१. तर केळीचा खरा वाटा :

०.२ × ०.८ + ०.८ × ०.१ = ०.१६ + ०.०८ = ०.२४

नकाशा २० टक्के म्हणतो, जमीन २४ म्हणते. ९५ टक्के विश्वासाने त्यात उणे-अधिक साधारण ३.९. दहा हजार हेक्टरच्या पट्ट्यात हे २,४०० हेक्टर, उणे-अधिक ३९०. नुसते पिक्सेल मोजून '२,००० हेक्टर' लिहिणाऱ्याने ४०० हेक्टर केळी गाळली. खऱ्या केळीपैकी नकाशाने पकडलेली ०.१६ भागिले ०.२४, म्हणजे ६७ टक्के. ही टक्केवारी थेट बिंदू मोजून काढली तर ६८ पैकी ४८, म्हणजे ७१ येते. तीही चूक, कारण दोन्ही वर्गांचं क्षेत्र सारखं नाही.

यात गुणाकार, वर्गमूळ आणि सरासरी यापलीकडे काही नाही. ताई, घाबरू नका.

बोरीकाठची

सर, हे वहीत उतरवून पाहिलं, जमलं. आता प्रत्यक्ष शिवारात बिंदू कसे घ्यायचे? मोबाइल चालेल का?

गटनंबर

चालतो. मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरची चूक येते, १० मीटरच्या पिक्सेलला पुरेसं. पण भरलेल्या केळीबागेत आत शिरून बिंदू घेऊ नका. पानांत पाणी असतं, संदेश अडतो, चूक वाढते. बांधावर उभं राहून बिंदू घ्या, बागेच्या दिशेने फोटो काढा, दिशा लिहा, आणि संध्याकाळी उपग्रह प्रतिमेवर त्या शेताची सीमा रेखाटा. क्यूफील्ड हे ॲप नेटशिवायही चालतं, त्यात तालुक्याची प्रतिमा आधीच भरून न्या.

फॉर्ममध्ये पीक, लागवडीचा महिना, मृग/कांदे/पील, ठिबक आहे का, शेजारची पिकं, इतकं पुरे. शेतमालकाचं नाव, फोन लिहू नका, गरजच नाही. परवानगी मात्र प्रत्येक वेळी विचारा. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्यात पावरी, भिली. सोबत त्या बोलीचा एक जण असला की लागवडीची तारीख नीट कळते.

माहिती शेपफाईल या जुन्या फाईल-प्रकारात ठेवू नका, जिओपॅकेज या नव्या प्रकारात ठेवा. शेपफाईलच्या स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट खातं. 'लागवड' हे चारच अक्षरांचं नाव, तरी काना धरून पंधरा बाइट होतात आणि मध्येच तुटतं.

तोरणमाळ

केळी, कपाशी नसलेल्यांचं काय? नंदुरबार बाजूने भूशास्त्र घेतलेल्यांना सुचवा काहीतरी.

काळापाषाण

तुमच्या दाराशीच सोनं आहे. नंदुरबार-धुळे परिसरातला डाईकांचा समूह दख्खनच्या पठारावरच्या महत्त्वाच्या समूहांत मोजला जातो. लाव्हाच्या थरांतल्या भेगांत घुसून गोठलेल्या या भिंती बऱ्याच ठिकाणी लांबच लांब कण्यासारख्या उभ्या दिसतात, दिशा मुख्यतः पूर्व-पश्चिम आणि तिच्या आसपास. भूजलावर त्यांचा मोठा प्रभाव. अभंग डाईक पाण्याला बांध घालतो, वरच्या अंगाच्या विहिरी टिकतात. तडकलेला डाईक उलट पाणी वाहून नेतो. 'कोणत्या डाईकाच्या कोणत्या बाजूला विहिरींची पातळी किती' हा ऑनर्सला पुरून उरेल असा विषय आहे.

पद्धत : ३० मीटरचं उंची-प्रतिमान, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला जागेची उंची देणारी फाईल, घ्या (कोपर्निकस किंवा कार्टोसॅटचं), आधी ३२६४३ मध्ये रूपांतर करा. अंशांत असतानाच उतार काढला तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, म्हणून सगळीकडे ८०-९० अंशांचे कडे दिसतात. मग हिलशेड, म्हणजे उंचसखलपणावर कृत्रिम प्रकाश टाकून काढलेली छाया-प्रतिमा. सॉफ्टवेअर प्रकाश आपणहून ३१५ अंशांवरून, वायव्येकडून टाकतं. प्रकाशाला समांतर रेषा पुसल्या जातात आणि काटकोनातल्या उठतात. पूर्व-पश्चिम डाईकांसाठी प्रकाश ० अंशांवरून, उत्तरेकडून टाका. तरी एकाच दिशेवर विसंबू नका, ०, ४५, ९० आणि ३१५ अशा चार प्रतिमा करून चारही रेखाटा. दक्षिणेकडून टाकला तर डोळ्याला टेकडी खड्ड्यासारखी भासते.

रेखाटलेली प्रत्येक रेष डाईक नसते. कालवा, रस्ता, जुना बांध सगळं सरळच असतं, ते आधी वजा करा. उरलेल्यांपैकी निदान चौथाई जागी जाऊन दगड बघा.

विहिरींची पातळी मे अखेरीस आणि ऑक्टोबरात, सगळ्या विहिरी एकाच पंधरवड्यात. कठड्यापासून मोजून कठड्याची उंची वजा करायची. काही विहिरींची वजा, काहींची नाही, असं झालं की एक मीटरचा फरक डाईकाच्या नावावर जमा होतो. विहिरीच्या तोंडाची उंची मोबाइलवरून घेऊ नका. लंबगोलावरची उंची आणि समुद्रसपाटीची उंची यांत आपल्याकडे पन्नास मीटरहून जास्त फरक आहे, आणि कोणतं ॲप कोणती उंची दाखवतं ते वेगवेगळं. उंची-प्रतिमानावरून घ्या किंवा लेव्हलिंग करा.

तापीच्या गाळपट्ट्यात प्रवाहरेषा काढणाऱ्यांनाही एक सूचना. तिथे जमीन इतकी सपाट आहे की केळीचा शेंडा आणि रेल्वेचा भराव यांनाच प्रतिमान टेकडी समजतं आणि नाला भलतीकडे वळवतं. मोऱ्यांच्या जागी भराव हाताने तोडावा लागतो.

हिरवापट्टा

जळगाव-भुसावळच्या उन्हावर विषय घेणारे असतीलच, त्यांच्यासाठी थोडक्यात. लँडसॅट सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि पृष्ठभागाचं तापमान देतो, हवेचं नाही. औष्णिक पट्टा मुळात १०० मीटरचा, तो ३० चा करून दिलेला असतो. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचं उघडं काळं रान शहराहून गरम दिसू शकतं. तो निकाल खरा आहे, 'शहर गरम यायलाच हवं' म्हणून वर्गवारी बदलू नका. रात्रीच्या प्रतिमा मिळाल्या तर दोन्ही शेजारी ठेवा.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार, धाग्याला वजन आलं. बोरीकाठची ताई, गणिताचं राहिलं होतं. त्रिकोणमिती दहावीपर्यंतची, मॅट्रिक्सचा गुणाकार, लॉगॅरिदम, आणि सांख्यिकीत सरासरी, प्रचरण, प्रतिगमन, विश्वास-अंतर. पाचव्या सत्रात रोज तासभर दिला तर होतं. इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात, ते सोबत करा. पुढे गेट द्यायची असेल तर २०२२ पासून त्यात जिओमॅटिक्स अभियांत्रिकीची वेगळी प्रश्नपत्रिका आहे.

केळीसाठी कामाचा क्रम प्रतिमांच्या तारखांवर बांधा. सातवं सत्र सुरू होताच पट्टा ठरवून मागच्या वर्षीच्या तिन्ही तारखांवर सराव करून घ्या. ऑक्टोबर आणि जानेवारीत शिकवण्याचे नमुने, म्हणजे मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही हाती लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं लिहून टाका. एप्रिल अखेरची प्रतिमा आली की वर्गीकरण, आणि लगेच आठवड्याभरात तपासणीचे २५६ बिंदू, सकाळी सहा ते दहा. मे-जूनमध्ये वादळाने बागा आडव्या झाल्या तर प्रतिमेत केळी आणि जमिनीवर भुईसपाट, मग तो बिंदू काय मानायचा हा पेच पडतो. आठव्या सत्राची सादरीकरणाची तारीख एप्रिलच्या आधी पडत असेल तर तिन्ही तारखा मागच्याच हंगामाच्या, म्हणजे एप्रिलही मागचाच, धरा. आणि तपासणीच्या वेळी 'मागच्या एप्रिलात इथे काय होतं' हेच विचारा, आत्ता काय उभं आहे ते नको.

बोरीकाठची

म्हणजे सादरीकरण मार्चमध्ये पडलं तर तपासणी डिसेंबरातही करता येईल?

तापीकाठ

हो. फक्त पिलबाग असेल तर मूळ बाग कोणत्या महिन्यात लागली होती, ते त्याच फॉर्ममध्ये वेगळ्या रकान्यात लिहून घ्या.